जपानी राक्षसपटांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटवर मुंग्यांचा पट्टा येतो, चित्र वरून वाकते, आवाज खरखरतो : समस्या निवारण

योकोहामात राहायला आल्यापासून, म्हणजे गेली चौदा वर्षे, मी जपानी राक्षसपटांच्या, म्हणजे गॉडझिलासारख्या महाकाय प्राण्यांच्या चित्रपटांच्या, व्हीएचएस कॅसेट जमवतो आहे. जुन्या वस्तूंच्या दुकानांत ‘जंक’ अशी चिठ्ठी लावलेली खोकी असतात. त्या चिठ्ठीचा अर्थ एवढाच, की वस्तू चालेल याची हमी दुकानदार देत नाही आणि ती परतही घेत नाही. माझ्या संग्रहातल्या बऱ्याचशा कॅसेट अशाच खोक्यांतून आल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पहिल्यांदा लावल्या तेव्हा नीट चालल्या नव्हत्या. दोष थोड्याफार फरकाने तोच असतो. तो शोधण्याचा क्रम आता हातात बसला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एवढे चांगले ब्लू-रे मिळत असताना कॅसेटच्या मागे कशाला लागायचे, असे अनेकजण विचारतात. एक उदाहरण पुरेसे आहे. डिसेंबर १९८४ मध्ये जपानात प्रदर्शित झालेल्या गॉडझिलापटाची अमेरिकेसाठी वेगळी आवृत्ती तयार झाली, तिच्यात अमेरिकी अभिनेते रेमंड बर यांची नवी दृश्ये घातली गेली आणि ती १९८५ मध्ये ‘गॉडझिला १९८५’ या नावाने लागली. २०१६ मध्ये अमेरिकेत या चित्रपटाचा ब्लू-रे आला तेव्हा त्यावर मूळ जपानी आवृत्ती होती, ही अमेरिकी आवृत्ती नव्हती. ज्याला ती पाहायची आहे त्याला कॅसेटकडेच वळावे लागते, आणि म्हणून अशी एक कॅसेट वाया जाणे मला मनापासून लागते.

आधी लक्षणे

चित्रात आडवा, मुंग्यांनी (लुकलुकणाऱ्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी) भरलेला पट्टा येतो. तो तळाशी स्थिर असतो किंवा हळूहळू वर सरकतो.

चित्राचा वरचा भाग वाऱ्यावरच्या पताकेसारखा एका बाजूला वाकतो आणि थरथरतो.

आवाज स्वच्छ असतो आणि मध्येच खरखर होते, किंवा तो एकदम दबका होऊन पुन्हा मोकळा होतो.

आवाज ठीक आहे, पण चित्राच्या जागी सगळ्या पडद्यावर मुंग्या किंवा नुसता निळा रंग दिसतो.

चित्र काळेपांढरे होऊन वर-खाली घरंगळते.

चित्राचा उजेड ठरावीक वेळाने वाढतो आणि मंदावतो.

चित्रपट व्यवस्थित चालू असताना काही दृश्यांपुरती स्पष्टता व रंग घसरतात आणि पुढच्याच दृश्यात पूर्ववत होतात.

यांतले कोणतेही लक्षण दिसले की एकच प्रश्न सोडवायचा असतो : दोष कॅसेटमध्ये आहे, यंत्रात आहे, की चित्रपटाच्या ज्या प्रतीवरून कॅसेट तयार झाली त्या प्रतीतच आहे? हे न ठरवता जो स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो तो बहुधा धडधाकट कॅसेट किंवा धडधाकट व्हीसीआर (कॅसेट चालवणारे यंत्र) बिघडवून बसतो. पुढच्या सगळ्या तपासण्या या प्रश्नाच्या उत्तराकडे नेणाऱ्या आहेत. त्या फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतात, म्हणून क्रम बदलू नये.

पहिली तपासणी : कॅसेट लावण्याआधी नुसती पाहा

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून टॉर्चचा तिरपा उजेड आत सोडा. टेपच्या गुंडाळीची कड सपाट, काळी आणि सगळीकडे सारख्या चमकेची दिसायला हवी. तिथे पिठूळ पांढरे किंवा करडे ठिपके दिसले, अथवा चाकाच्या आऱ्यांसारख्या फिकट रेषा मधून बाहेर पसरलेल्या दिसल्या, तर ती बुरशी आहे. गुंडाळी असमान बसल्यामुळे काही वेढे किंचित वर आलेले असतात आणि त्यांच्याही रेषा दिसतात, पण कॅसेट उजेडात हलवली की त्या रेषा चमकतात. बुरशीला चमक नसते, ती कोणत्याही कोनातून मळकट पिठासारखीच दिसते. हा फरक डोळ्यांत बसायला मला दहा-पंधरा कॅसेट पाहाव्या लागल्या.

एवढ्यावर थांबू नका. कॅसेटच्या कडेला एक छोटे बटण असते, ते दाबले की पुढचे झाकण उचलता येते. झाकणाआड टेपचा जो तुकडा दिसतो त्यावर चुण्या पडल्या आहेत का, कड दुमडली आहे का, हे पाहा. टेपला बोट लावू नका, कारण बोटाचे तेल त्यावर राहते आणि त्यावर धूळ बसते.

ही तपासणी सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत महत्त्वाची आहे. बुरशी लागलेली टेप यंत्रात फिरली की तिचे कण टेप वाचणाऱ्या फिरत्या ड्रमवर (दंडगोलावर) आणि टेपच्या मार्गातल्या खुंट्यांवर बसतात, आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागतात. तिसऱ्या वर्षी मी हीच चूक केली. घाईत एक डागाळलेली कॅसेट लावली, तिच्यावर दोन मिनिटांत मुंग्या आल्या, म्हणून ती काढून दुसरी लावली, मग तिसरी. महिन्याभराने त्या दोन्ही स्वच्छ कॅसेटच्या कडांवर पांढरे ठिपके उगवलेले दिसले.

जपानात जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळी हवा असते आणि गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटांत ती ओल कोंडून राहते. जुन्या घरांतून आलेल्या कॅसेटना बुरशी लागते ती बहुतेक तिथेच. कोकणात किंवा मुंबईत लग्नाची कॅसेट ट्रंकेत ठेवून चार पावसाळे गेले की तिची जी गत होते, तीच ही. तेव्हा या लेखातला कॅसेटविषयीचा मजकूर घरातल्या लग्नाच्या किंवा मुंजीच्या कॅसेटनाही लागू पडतो.

बुरशी दिसली तर पुढची एकही तपासणी करू नका, थेट ‘थांबायचे कुठे’ हा भाग वाचा.

दुसरी तपासणी : दोष मूळ प्रतीतला तर नाही?

यासाठीही पैसा लागत नाही, थोडी माहिती लागते. राक्षसपटांच्या बाबतीत ही तपासणी मी यंत्राच्या आधी ठेवतो, कारण या चित्रपटांच्या मूळ प्रतींचे हाल झाले आहेत.

१९६२ मध्ये आलेला किंग काँग आणि गॉडझिलाच्या झुंजीचा चित्रपट मूळचा ९७ मिनिटांचा. १९७० मध्ये गॉडझिलापट काढणाऱ्या तोहो कंपनीने मुलांच्या सुट्टीतल्या ‘चॅम्पियन मात्सुरी’ या कार्यक्रमासाठी तो ७४ मिनिटांवर आणला, आणि ही कापाकापी मूळ निगेटिव्हवरच झाली. परिणामी पुढे घरी पाहण्यासाठी पूर्ण लांबीचा चित्रपट काढताना गाळलेली दृश्ये कमी प्रतीच्या फिल्मवरून घेऊन जोडावी लागली. संपूर्ण चित्रपटाची एकसारखी स्वच्छ प्रत २०१६ च्या ४के पुनरुद्धारात दिसली. त्यामुळे जुन्या कॅसेटवर हा चित्रपट पाहताना मध्येच चित्र भुरकट होते, रंग विटतात आणि काही सेकंदांनी सगळे पूर्ववत होते. मी स्वतः या दोषासाठी एकदा व्हीसीआरचे हेड (ड्रमवरचे, टेपवरचे चित्र वाचणारे टोक) तीन वेळा साफ केले होते. हेड आधीपासून स्वच्छच होते.

ओळखायची खूण सोपी आहे. मूळ प्रतीतला दोष दृश्याच्या कापाबरोबर सुरू होतो आणि कापाबरोबरच संपतो, त्या वेळी आवाजात खरखर होत नाही आणि आडवा पट्टाही दिसत नाही. टेपचा किंवा यंत्राचा दोष दृश्य कुठे सुरू झाले याची पर्वा करत नाही, तो पात्राच्या वाक्याच्या मध्यावरही येतो. उभ्या ओरखड्यांच्या रेषा, पांढरे क्षणिक ठिपके आणि चित्राचे हलके वर-खाली डुलणे हे फिल्मचे दोष आहेत. आडवे आणि मुंग्यांचे जे काही असेल ते टेपचे किंवा यंत्राचे.

चित्राच्या बाजू कापल्यासारख्या दिसतात, अशीही तक्रार असते. तोहोने १९५७ पासून रुंद पडद्याची पद्धत वापरायला सुरुवात केली. तिच्यात चित्राची रुंदी उंचीच्या २.३५ पट असते, आणि जुन्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.३३ पट. पूर्ण पडदा भरेल अशी कॅसेट काढताना चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग बाहेर राहतो. गॉडझिला एका कडेला आणि त्याचा प्रतिस्पर्धी दुसऱ्या कडेला उभा असेल तर अशा कॅसेटवर एकावेळी एकच दिसतो. हा दोष कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. त्यासाठी काळ्या पट्ट्या राखून काढलेली आवृत्तीच शोधावी लागते. गॉडझिलाचा १९५४ चा पहिला चित्रपट आणि १९५६ चा ‘रोदान’ हा राक्षसपट हे मात्र जुन्या, अरुंद मापाचेच आहेत, तेव्हा त्यांच्या कॅसेटवर अशा कापाकापीची शंका घेण्याचे कारण नाही.

तिसरी तपासणी : वीज, पद्धत आणि वायर

जपानातली वीज १०० व्होल्टची आहे आणि भारतातली २३० व्होल्टची. जपानी व्हीसीआर पुण्याला नेऊन सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला तर त्याचा वीजपुरवठ्याचा भाग बहुधा तत्क्षणी जळतो. पिनांचा आकार बदलणारा जोड म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. २३० वरून १०० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. व्हीसीआर फार वीज खात नाही, त्यामुळे १०० व्हीए क्षमतेचा पुरतो.

चित्र काळेपांढरे होऊन घरंगळत असेल तर पद्धतीचा मेळ बसलेला नाही. जपान आणि अमेरिकेतल्या कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या असतात, म्हणजे ५२५ रेषांच्या आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांच्या. भारतात पाल पद्धत होती, ६२५ रेषांची आणि २५ चित्रांची. नुसत्या पाल व्हीसीआरमध्ये जपानी कॅसेट घातली तर आवाज जड व मंद येतो आणि चित्र जमतच नाही. अशा वेळी बिघाड शोधत बसू नका, बिघाड नाहीच. आखाती देशांतून आपल्याकडे आलेले ‘मल्टिसिस्टीम’ व्हीसीआर दोन्ही पद्धतींच्या कॅसेट चालवतात. असा व्हीसीआर एखाद्या काकांच्या माळ्यावर अजून पडलेला असेल तर तो जपून ठेवा. आताचे बहुतेक टीव्ही एनटीएससीचे चित्र आपोआप ओळखतात.

अमेरिकी आणि जपानी कॅसेटमध्ये एक बारीक फरक आहे. दोन्ही एनटीएससीच असल्या तरी काळ्या रंगाची पातळी दोन्हीकडे वेगळी धरली जाते. जपानी कॅसेट अमेरिकी जुळणीच्या टीव्हीवर लावली की गडद भाग आणखी गडद होऊन गिळले जातात. १९५४ च्या चित्रपटात टोकियो रात्री जळते ते सगळे दृश्य काळोखातले आहे. तिथे धुराचे लोट आणि गॉडझिलाची पाठ वेगवेगळी दिसेनाशी झाली, तर टेप झिजली असे समजू नका. आधी टीव्हीचा ब्राइटनेस थोडा वाढवून पाहा.

चित्राचा उजेड लयीत वाढत-मंदावत असेल तर व्हीसीआरची वायर दुसऱ्या व्हीसीआरमधून किंवा डीव्हीडी रेकॉर्डरमधून टीव्हीला गेली आहे का, ते पाहा. विकत मिळणाऱ्या अनेक कॅसेटवर नक्कल रोखणारा संकेत असतो आणि मधले यंत्र त्याला बळी पडते. वायर थेट टीव्हीला जोडा. पिवळी, पांढरी आणि लाल वायर सॉकेटमध्ये फिरवून घट्ट बसवणे आणि शक्य झाल्यास दुसऱ्या वायरवर पाहणे, हेही याच वेळी उरकावे.

थंडीतून आणलेली कॅसेट उबदार खोलीत लगेच लावू नका. टेपवर आणि ड्रमवर दव धरते, ओली टेप ड्रमला चिकटते आणि यंत्र ती गुंडाळून खाऊन टाकते. थंडीत पार्सलने आलेली कॅसेट मी दुसऱ्या दिवशीच उघडतो.

चौथी तपासणी : एकदा पूर्ण गुंडाळी आणि मग ट्रॅकिंग

वर्षानुवर्षे एकाच जागी पडलेल्या टेपचे वेढे काही ठिकाणी घट्ट तर काही ठिकाणी सैल होतात. त्यामुळे ताण कमीजास्त होतो आणि चित्र वरून वाकते. कॅसेट लगेच पाहायला सुरुवात न करता ती शेवटपर्यंत पुढे न्या आणि पुन्हा सुरुवातीपर्यंत मागे आणा. चित्र वरून वाकणे या एका उपायाने अनेकदा कमी होते. गुंडाळताना किंकाळीसारखा आवाज आला किंवा वेग अडखळला, तर ताबडतोब थांबवा.

आता ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांशी जुळवणे. व्हीएचएसची टेप १२.७ मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर चित्राच्या रेघा तिरप्या आखलेल्या असतात, खालच्या कडेला त्या रेघा कुठे आहेत हे सांगणाऱ्या खुणांची पट्टी असते आणि वरच्या कडेला साधा आवाज असतो. फिरत्या ड्रमवरचे हेड नेमके त्या तिरप्या रेघेवरून जायला हवे. नेहमीच्या वेगाने भरलेल्या एनटीएससी कॅसेटवर रेघेची रुंदी ५८ मायक्रॉन असते, म्हणजे जवळपास एका केसाएवढी. सर्वांत मंद वेगाने भरलेल्या कॅसेटवर ती १९ मायक्रॉनवर येते. अमेरिकेत राक्षसपटांच्या ज्या स्वस्त कॅसेट निघाल्या त्यांतल्या अनेक अशा मंद वेगाच्या आहेत, आणि हेड जरासे इकडेतिकडे झाले की त्यांच्यावर लगेच पट्टा येतो.

बहुतेक व्हीसीआर ट्रॅकिंग आपोआप जुळवतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. कॅसेट लावल्यावर वीस सेकंद काहीही दाबू नका. त्यानंतरही पट्टा राहिला तर कॅसेट चालू असताना ट्रॅकिंगची बटणे वापरा. कित्येक यंत्रांत चॅनेल वर-खाली करण्याची बटणेच हे काम करतात. जुळवताना चित्रापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. हाय-फाय आवाज (तिरप्या रेघांतच भरलेला चांगल्या प्रतीचा आवाज) त्याच ड्रमवरच्या हेडने वाचला जातो आणि हेड रेघेवरून सरकले की तो खरखरतो किंवा यंत्र वरच्या कडेवरच्या दबक्या आवाजावर जाते. डोळ्याला चित्र ठीक वाटत असतानाही कानाला खरखर कळते. ती जिथे पूर्ण थांबते, ती जागा बरोबर.

चित्राच्या अगदी तळाशी पाच-सहा रेषांची मुंग्यांची किनार दिसत असेल तर ती प्रत्येक व्हीएचएसवर असते. जुन्या टीव्हीत ती चौकटीआड लपायची, आताच्या टीव्हीत आणि संगणकावर उघडी पडते. तिच्यामागे लागू नका.

पाचवी तपासणी : अदलाबदल

निर्मळ असल्याची खात्री असलेली एक कॅसेट बाजूला ठेवा. मी यासाठी एक स्वयंपाकाच्या कार्यक्रमाची कॅसेट ठेवली आहे, कारण ती खराब झाली तरी हळहळ वाटणार नाही. ती त्याच यंत्रात लावा. तिच्यावरही पट्टा आला तर दोष यंत्रात आहे. ती स्वच्छ चालली तर दोष संशयित कॅसेटमध्ये आहे, आणि मग ती कॅसेट ओळखीच्या कुणाच्या तरी दुसऱ्या व्हीसीआरमध्ये पाहा. एका यंत्रावर न चालणारी टेप दुसऱ्यावर नीट चालते, असे दर चार-पाच कॅसेटमागे एकदा तरी होते, कारण प्रत्येक यंत्राची जुळणी किंचित वेगळी असते.

कॅसेटचाच दोष असेल तर तो कुठे येतो ते मिनिटांसह लिहून ठेवा. भाड्याने फिरलेल्या राक्षसपटांच्या कॅसेटवर मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे, जिथे शास्त्रज्ञ आणि पत्रकार बोलत असतात, ती टेप जवळजवळ नवी असते. राक्षस पहिल्यांदा पूर्ण दिसतो तिथे मुंग्या सुरू होतात, आणि शेवटच्या झुंजीत चित्र पार झिजलेले असते. माझ्याकडच्या १९६२ च्या चित्रपटाच्या कॅसेटवर किंग काँग आणि गॉडझिला आतामीचा किल्ला पाडतात तेवढ्याच जागी आडवे पांढरे ओरखडे आहेत आणि त्याआधीचा भाग स्वच्छ आहे. घराघरांतल्या मुलांनी तीच जागा पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली असणार, तिथेच चित्र थांबवले असणार. चित्र थांबवले की टेप थांबते पण ड्रम फिरतच राहतो, आणि हेड त्याच एका रेघेवर सेकंदाला कित्येकदा घासते. ही झीज भरून येत नाही. असे ठराविक दृश्याला बांधलेले ओरखडे दिसले की मी दुरुस्तीचा विचार सोडतो आणि त्याच आवृत्तीची दुसरी कॅसेट शोधू लागतो. हे जमवणाऱ्याने लवकर शिकावे असे मला वाटते.

सहावी तपासणी : हेड साफ करणे

सगळ्याच कॅसेटवर मुंग्या येत असतील, किंवा आवाज ठीक असून चित्र पूर्ण गेले असेल, तर हेडवर कचरा बसला आहे. बाजारात हेड साफ करायच्या कॅसेट मिळतात. त्यांतली द्रव घालून वापरायची घ्या, कोरडी घासणारी असते आणि फार वेळा वापरल्यास हेड झिजवते.

तेवढ्याने काम झाले नाही तर हाताने साफ करावे लागते. व्हीसीआरची वायर भिंतीतून काढून किमान एक तास थांबा, मग वरचे झाकण उघडा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबराच्या चामड्याचे टोक असलेली काडी घ्या, ती नसेल तर चांगल्या छपाईच्या साध्या कागदाची घडी चालते. कापसाची काडी वापरू नका, कारण हेडचे टोक अतिशय ठिसूळ असते आणि कापसाचा धागा त्यात अडकून ते उचकटतो. ओली घडी ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या बाजूने धरून सावकाश फिरवा. घडी वर-खाली कधीही घासू नका, हेड तुटते ते त्यानेच. कागदावर तपकिरी-काळी रेघ उमटली की कचरा निघतो आहे असे समजा. रेघ उमटेनाशी झाली की थांबा, अर्धा तास वाळू द्या आणि मग हळहळ न वाटणारी कॅसेट लावून पाहा.

ड्रमच्या दोन्ही बाजूंना टेप वळवणाऱ्या खुंट्या असतात, त्याही पुसा. त्यांच्या डोक्यावरचे स्क्रू मात्र फिरवू नका. कारखान्यात विशिष्ट टेप लावून त्यांची उंची जुळवलेली असते आणि एकदा फिरवलेला स्क्रू अंदाजाने परत जागेवर येत नाही.

सातवी तपासणी : कॅसेटचे कवच बदलणे

टेप चांगली आहे, पण कवच तडकले आहे, झाकण अडकते किंवा रीळ घासत फिरते, अशा वेळी टेप दुसऱ्या कवचात घालता येते. हे मी शेवटी ठेवले आहे, कारण यात टेपला इजा होण्याचा धोका खरा आहे. आधी एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर दोनदा सराव करा.

कॅसेटच्या पाठीवर पाच स्क्रू असतात. ते सोडवून झाले की कॅसेट पुन्हा सरळ, म्हणजे खिडकीची बाजू वर करून ठेवा आणि वरचा भाग उचला. टेपचा मार्ग कोणत्या खुंटीवरून जातो त्याचा फोटो काढूनच पुढे जा. दोन्ही रिळे एकदम, सुती हातमोजे घालून उचला.

टेप सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पारदर्शक तुकड्यापाशी तुटली असेल तर ती जोडता येते, पण टेप जोडण्यासाठीची खास चिकटपट्टीच वापरा. घरातल्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात बाहेर येतो. पारदर्शक तुकडा कापून टाकू नका : यंत्रातला प्रकाश त्याच तुकड्यातून पलीकडे जातो, तेव्हा टेप संपली हे यंत्राला कळते. तो नसेल तर यंत्र शेवटी टेप ओढतच राहते आणि ती रिळातून उपटते.

थांबायचे कुठे

बुरशी दिसली की थांबा. कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करा, पिशवीवर तारीख लिहा आणि ती इतर कॅसेटपासून दूर ठेवा. बुरशी घरी पुसण्याचे उपाय सांगितले जातात, पण त्यांत कण श्वासावाटे फुप्फुसात जातात, आणि ज्या यंत्रावर ती टेप फिरवून पुसली ते यंत्र दुसऱ्या कॅसेटसाठी निकामी समजावे लागते. ज्यांच्याकडे त्यासाठी वेगळे यंत्र आणि हवा ओढून घेण्याची सोय आहे त्यांच्याकडेच हे काम द्यावे.

टेप चित्राच्या भागात तुटली असेल तरीही थांबा. तिथला जोड ड्रमवरून जातो आणि हेड तोडू शकतो. टेप किंचाळत असेल, यंत्रात तपकिरी चिकट थर सोडत असेल, तर टेपचा लेप सुटू लागला आहे. अशी टेप आणखी एकदा चालवणे म्हणजे त्यावरचे चित्र खरवडून काढणे.

व्हीसीआरमधून जळका वास आला, फ्यूज वारंवार गेला किंवा यंत्र सुरूच झाले नाही, तर झाकण उघडू नका. वीजपुरवठ्याच्या भागातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही काळ वीज साठून राहते. ते काम इलेक्ट्रॉनिक्सच्या कारागिराचे आहे. खुंट्यांची उंची, ड्रम बदलणे आणि वीजपुरवठा या तीन गोष्टींना मी आजही हात लावत नाही.

चांगला कारागीर हातातून जाऊ देऊ नका. व्हीएचएस यंत्र बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे नवे हेड बहुधा मिळत नाहीत आणि सुटे भाग जुन्या यंत्रांतूनच काढावे लागतात. योकोहामात मी ज्या वयस्कर गृहस्थांकडे जातो ते मोडकी यंत्रे विकत घेतात ती यासाठीच. महाराष्ट्रात लग्नाच्या कॅसेट संगणकावर उतरवून देणारे व्यावसायिक अजून सापडतात. त्यांना पहिल्याच भेटीत विचारा, की तुमचे यंत्र एनटीएससी चालवते का. नसेल तर कॅसेट त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. विकत मिळालेल्या चित्रपटाची नक्कल करून देण्याचे काम बरेच जण घेत नाहीत, तेव्हा तुम्हाला कॅसेट दुरुस्त करून हवी आहे, नक्कल नको आहे, हेही स्पष्ट सांगा.

कॅसेट देताना सोबत एक चिठ्ठी द्या. तिच्यात कॅसेट कोणत्या देशातली, कोणत्या वेगाची, दोष कितव्या मिनिटाला येतो, तो दुसऱ्या यंत्रावरही येतो का, आणि तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिले, हे सगळे लिहा. हेड साफ करताना काही चुकले असेल तर तेही लिहा. आणि बुरशी नसेल तर कॅसेट मागे गुंडाळून नेऊ नका. दोष जिथे दिसला त्याच्या थोडी आधी थांबवून न्या, म्हणजे कारागिराला ती जागा लगेच सापडते आणि शोधाशोधीत टेप पुन्हा पुन्हा फिरवावी लागत नाही.